मोरीची खिडकी

गंगावेशीतनं आत, तिसऱ्या बोळात खराडेंची खानावळ.
तिच्या मागच्या भिंतीला एक चौकोन पाडलाय, दीड हाताचा.
पलीकडनं उष्टं येतं, अलीकडनं धुतलेलं जातं.
अलीकडं मी बसतो.
चौदा वर्सं झाली, गिऱ्हाइकाचं तोंड म्हणून बघितलं न्हाई.
बघितलंय ते ताट.

ताट खोटं बोलत न्हाई.
गल्ल्यावर बडीशेप चघळत "झकास झालं हुतं, मालक" म्हणणारा
चार तुकडे भाकरीखाली दडवून गेलेला असतो.
वातड निघालं असंल. तोंडावर कसं म्हणायचं, बिचारा.
आन एक जण रोज वरडतो, हिथंवर ऐकू येतंय,
"रस्सा हाय का रंगपंचमीचं पाणी?"
त्येची वाटी अशी येती की
घासायची का नुसती इसळायची, इचार पडतो.

उद्यमनगरातली पोरं मी ताटाच्या काठावरनं वळखतो.
काळा अंगठा, फाउंड्रीचा, निघता निघत न्हाई.
हाडं फोडून, चोखून एका अंगाला लावत्यात,
पाटीत कास्टिंग रचल्यागत.
देवीला आलेली बाहेरगावची मंडळी
तांबड्यात बोट बुडवून ताट सरकवत्यात.
त्यातल्याच एका बाईनं एकदा लेकराचा उरलेला भात
कागदात बांधून मागितला.
इर्शादनं आत दोन अंडी घातली.
मालकाला ठावं न्हाई. आता झालं ठावं.

वाईट म्हंजे ताटात हात धुणारी.
गिळगिळीत पाणी, वर लिंबाची फोड तरंगतीया.
पैसं दिल्यात म्हणत असतील.
दिल्यातच की.

आन एक दिस वाटी आली, भरलेली.
पांढरा रस्सा, एक घोट कमी.
पलीकडं वरडणं न्हाई, भांडण न्हाई.
मी बोट बुडवून जिभेला लावलं.
सोडा.
माझ्याच हातचा, वाटीच्या बुडाला ऱ्हायलेला.
त्या दिवशी नळ आला नव्हता,
दोन बादल्यांत दीडशे ताटं काढली हुती मी.
मालक खिडकीत वाकलं. "शेवंता, एवढं जरा बघत जा," म्हणालं,
आन त्येच्याकडनं पैसं घेतलं न्हाईत.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
म्हातारा हुता म्हणं, पेन्शनीच्या दिवशी यायचा, एकटा.
परत आला का न्हाई, मला कसं कळायचं?
तवापासनं पांढऱ्याची वाटी तीन पाण्यातनं काढतो,
आन रिकामी आली की
आधी तिच्या बुडाकडं बघतो.

परवा पोरगी बारावी सुटली.
म्हणाली, आई, आज तू बसून खायाचं.
शाहूपुरीत नेलं. पंखा, काचेचं टेबल,
पाण्याची बाटली फोडून दिली पोरानं.
मटण बरं हुतं. तांबडा गोडूस, टमाट्यावर मारून नेलेला.
भाकरी गार.
पोरगी म्हणाली, सांग की त्यांना, फुकट खातोय व्हय आपण?
मी वाटीत वाटी घातली.
हाडं एका कडंला केली,
लिंबाची साल कागदात गुंडाळली,
शेवटच्या तुकड्यानं ताट निपटून घेतलं.
वेटर आला. "कसं झालं, काकी?"
मी म्हणालो, "तुमची मोरी कुठल्या अंगाला?"
त्येला वाटलं, हात धुवायचाय.
त्येनं बेसिन दावलं.